म्हसोबा झालेला तोफगोळा

"तुमचा इश्वास बसणार न्हाई साहेब, पण हा गोळा माझ्या खापरपणजोबानं पागोट्यात झेलला!" बद्रीनाथ ओट्यावरून गरजला.

आसईच्या रानात शिंदे-इंग्रज लढाईतलं लोखंड नांगराला लागायचं. ते गोळा करत फिरणारा औरंगाबादचा हौशी साहेब आज जीप घेऊन बद्रीनाथच्या दारातल्या तोफगोळ्यासाठी आला होता. पण गावचं लोखंड गावातच राहील, असा म्हाताऱ्या बद्रीनाथचा हट्ट होता. जीपची धूळ दिसताच त्यानं गोळ्याला तेल-शेंदूर फासला. शेंदूर लागला की देव झाला, आणि देवाला कोण उचलून नेतो?

"पागोटं जळलं, पण म्हातारा हटला न्हाई. मंग गोळाच भिऊन थंड पडला! पावणेदोनशे वर्सं झाली, हा आमचा म्हसोबा हाय. लावा हात, बघा काय होतंय!"

साहेबानं खरंच हात लावला. बोटं शेंदरानं माखली. बद्रीनाथनं छाती आणखीच पुढं काढली.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं, ती बोटं पाहिली.

"अवो, काय खोटं बोलून राह्यले! शेंदूर अजून वला हाय. बहात्तरच्या दुष्काळात हिरीत निघाला हा गोळा, सकाळीच म्या ह्यानं मिरच्या कुटल्या. अन् उद्याबी कुटणार! साहेब, पाणी प्या अन् निघा."