जुन्या नळीतल्या माश्या

माणूस म्हातारा का होतो, याचं उत्तर रोहिणी फळमाश्यांत शोधत होती. पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या त्या एवढ्याशा माश्या दोन-अडीच महिन्यांत सगळं आयुष्य उरकतात. नाशिकच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ती त्यांना काचेच्या नळ्यांत पोसायची. नळी टेबलावर आपटली की तरुण माश्या सरसर वर चढतात, म्हाताऱ्या तळाशीच धडपडतात.

एका नळीतल्या मात्र म्हाताऱ्या झाल्याच नाहीत. बरोबरीच्या सगळ्या मेल्या, या तशाच. अंडीही घालेनात. तिच्या मार्गदर्शक उज्वला मॅडम निवृत्तीला टेकलेल्या. त्यांना वाटलं, दुसऱ्या नळीतल्या मिसळल्या असतील. म्हणून त्यांनी ती नळी स्वतःच्या खोलीतल्या काचेच्या दाराच्या कपाटात कुलूपबंद केली. पावसाळा सरला, द्राक्षांच्या छाटण्या झाल्या, माश्या जिवंतच.

मग रोहिणीच्या लक्षात आलं, की नळीतल्या सगळ्यांची तोंडं मॅडमच्या खुर्चीकडे असतात. मॅडम खिडकीशी गेल्या की माश्याही तिकडे वळतात. तिने हे सांगितलं तेव्हा मॅडम हसल्या. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हसल्या नाहीत.

शेवटी रोहिणीने मॅडमकडून किल्ली घेतली आणि संध्याकाळी नळी फ्रीझरमध्ये टाकली. सकाळी काचेवरचा बर्फ पुसला, तर आत हालचाल चालूच.

मॅडम म्हणाल्या, सोडून देऊ. भर दुपारी दोघी आवारात गेल्या. कापसाचा बोळा काढला, पण एकही माशी उडाली नाही. मॅडमनी नळीच्या तोंडाशी बोट धरलं, तशा त्या एकीमागून एक बाहेर आल्या आणि मनगटापर्यंत चढून बसल्या. मॅडमच्या हातावर वयाचे तपकिरी डाग होते. त्यांतला डाग कुठला अन् माशी कुठली, रोहिणीला कळेना.

"मॅडम, झटका ना हात."

"असू दे," त्या हळूच म्हणाल्या. "बरं वाटतंय."

हातावर पदर ओढून त्या घरी गेल्या, त्या परत कॉलेजला आल्या नाहीत. फोनही उचलेनात, तेव्हा रोहिणी घरी गेली. दार त्यांच्या नणंदेने, विमलाबाईंनी उघडलं.

"जेवत नाही, झोपत नाही," त्या कुजबुजल्या. "पण डॉक्टर म्हणतात, प्रकृती पंचविशीतल्या पोरीसारखी आहे."

तेवढ्यात आतून हाक आली, "रोहिणी, आत ये ना."

आवाज कोवळा होता. रोहिणी उंबऱ्यातूनच मागे वळली आणि जिना उतरली. त्याच महिन्यात तिने संशोधन सोडलं आणि सिन्नरच्या एका कंपनीत नोकरी धरली.