फाडलेलं कार्ड

जिंतूरकडच्या आमच्या गावात पत्रं वाचून दाखवायचं काम माझं, म्हणजे शाळेच्या गुरुजीचं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात धुरपताबाईच्या ओट्यावर बसून मी तिच्या भुजंगचं पत्र वाचलं. मुंबईत घाटकोपरच्या डोंगरावर झोपड्यांची मोजणी चाललेली. ऐंशी सालाच्या आधीपासून राहत असल्याचा कागद दाखवील त्याला फोटोपास; बाकीच्यांच्या झोपड्या पाडणार. भुजंगचं रेशनकार्ड ब्याऐंशीचं. 'माय, झोपडीचा नंबर आन पोस्टाचा शिक्का असलेलं माझं जुनं पत्र धाड. पंधरा दिवसाची मुदत हाय.'

अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत त्याचं इथलं घर जाळलं, तेव्हा तो बायकोला घेऊन मुंबईला गेला. आता तिथलंही जाणार की काय! माणसाने दुसऱ्यांच्या इमारतींवर विटा वाहायच्या आणि स्वतःच्या चार पत्र्यांसाठी पुरावे शोधत हिंडायचं. मला असल्या कायद्यांचा भारी संताप येतो.

धुरपताबाईने वाशाला टांगलेली तार आणली. वाचून झालेली सगळी पत्रं तिने तिच्यात टोचून ठेवलेली. मी एकेक पाहिलं. भुजंगला पत्ता लिहायचा कंटाळा. प्रत्येकावर नुसतं 'मुंबईहून भुजंग'. झोपडीचा नंबर एकावरही नाही.

मग मला आठवलं. एक कार्ड होतं, एकोणऐंशी सालचं. भुजंगची सहा महिन्यांची पोर, मनकर्णा, गेली तेव्हाचं. त्याचा हात चालेना म्हणून शेजाऱ्याने लिहिलेलं, झोपडीच्या नंबरासकट पूर्ण पत्ता घालून. मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत, म्हणून वाचल्या-वाचल्या मीच त्याचे चार तुकडे करून अंगणात टाकले होते. एरवी वर्गात पोरांना जुन्या रीती सोडा म्हणून सांगणारा मी!

"धुरपताबाई," मी मान खाली घालून म्हणालो, "तुमच्या पोराचं घर मीच फाडलं."

ती उठून आत गेली. उतरंडीची गाडगी खाली ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक न घातलेलं झबलं होतं आणि त्याच्या घडीत कार्डाचे चार तुकडे.

"तुमी गेल्यावर येचले," ती म्हणाली. "लेकरू डोळ्यानं पाह्यलं न्हाई मी. तिचं नाव तेवढं याच्यावर व्हतं. रीत मोडली, म्हून कुनाला बोलले न्हाई."

मी तुकडे जुळवले. शिक्का मधोमध फाटलेला, पण साल स्पष्ट: एकोणऐंशी. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. पतंगाच्या पातळ कागदाच्या पट्ट्या लावून मी कार्ड जोडलं आणि जिंतूरला जाऊन रजिस्टर केलं.

"काम झालं की माघारी धाड म्हनावं," मी निघताना तिने दोनदा बजावलं होतं.

महिन्याने लखोटा आला. फोटोपास मिळाला होता, झोपडी राहिली होती. "सुटलो बाई एकदाचे!" मी ओरडलोच. धुरपताबाई मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. लखोट्यात ते कार्डही होतं.

"ते बी वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. पोरीच्या नावापाशी थांबलो, मग शेवटपर्यंत वाचलं. तिने हात पुढे केला.

"द्या गुर्जी. आता फाडू नका."