गोपिकाबाईचा धूप

राधाकिसनचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मेंढरं कोंडायच्या वाडग्याला धूप द्यायचा होता. तीर्थपुरीच्या अलीकडच्या या धनगरवस्तीची रीत अशी, की घरधनी गेला म्हणजे सुतकात मेंढरं शेजाऱ्यांनी चारायची. सुतक फिटलं, की वाडग्याभोवती धुपाटणं घेऊन जो पाच फेरे घालील, तो मेंढरांचा नवा धनी. कागद नाही, सही नाही. धूर फिरला की मालकी फिरली.

राधाकिसनची बायको गोपिकाबाई हे जाणून होती आणि तिचा दीर बिभीषण तर फारच चांगलं जाणून होता. बारा वर्षं तो जालन्याला कारखान्यात होता. भावाच्या आजारपणात दोनदा आला, तोही पाहुण्यासारखा, चहा पिऊन गेला. आज मात्र दिवस उगवायच्या आत हजर. कळपाचं काय करणार, हे त्यानं तेराव्याच्या पंगतीतच सांगून टाकलं होतं. अंबडच्या व्यापाऱ्याशी त्याचं बोलणं झालं होतं, येत्या बाजाराला सगळी मेंढरं जाणार होती.

साठ मेंढरं. त्यातली निम्मी तरी गोपिकाबाईच्या हातात जन्मलेली. ती गेली, की तिनं दुसऱ्याच्या कापसात रोजानं जायचं, एवढंच उरत होतं.

वस्तीतली माणसं अंगणात जमली. सगळ्यांत जाणते साहेबरावतात्या खाटेवर बसले. बिभीषणानं हातपाय धुतले, टोपी घातली आणि रिकामं धुपाटणं भावजयीपुढं धरलं.

"वहिनी, धूप भरून द्या. जल्दी करा, दुपारच्या पाळीला जायचंय मला."

इथंच सगळी गंमत होती. धुपाटणं फिरवायचं बाप्यानं, पण त्यात काय भरायचं ते ठाऊक फक्त बाईला. वाळलेला लिंबाचा पाला किती, निरगुडी किती, गुगुळ आधी की दर्ग्यावरून आणलेला ऊद आधी, हे गोपिकाबाईला सासूनं शिकवलं होतं. राधाकिसननं जन्मभर फेरे घातले, पण त्या भांड्यात एकदा डोकावून बघितलं नाही. माणूस भला होता, पण चौकशी करायचा त्याचा स्वभावच नव्हता.

"न्हाई देत," गोपिकाबाई म्हणाली.

"काय?"

"मेंढरं तुमची म्हणता ना? मंग पाला बी तुमचाच आणा. काय टाकायचं ते बराबर ठाऊक असंल तुम्हाला."

बिभीषणाचं तोंड उतरलं. पण गडी हार मानणाऱ्यातला नव्हता. त्यानं खिशातून मोगऱ्याच्या वासाच्या धूपकांड्यांचा पुडा काढला आणि चुलीतले निखारे धुपाटण्यात घेऊन त्या सगळ्या त्यांवर मोडून टाकल्या. अंगणभर लग्नाच्या हॉलचा वास सुटला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. असल्या धुराला वस्तीत कुणी धूप मानत नव्हतं.

तेवढ्यात गोपिकाबाई घरात जाऊन आली. तिच्या हातात दुसरं धुपाटणं होतं, चांगलं पेटलेलं, आणि त्यातून कडू, दाट धूर निघत होता.

"गोपिके, ठेव ते खाली," तात्या म्हणाले. "कपाळ पुसलेल्या बाईनं धूप फिरवायचा न्हाई. इडापीडा जायच्या ऐवजी घरात येती."

"तात्या, वीस वर्षं ह्या वाडग्याची इडापीडा माझ्याच हातच्या धुरानं गेली. तेरा दिवसांत माझ्या हाताला असं काय झालं, ते सांगा."

तिला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. तरी ती धुपाटणं घेऊन वाडग्याकडं वळली.

"अडवा हिला! बघत काय बसलात?" बिभीषण ओरडला.

कुणी उठलं नाही. फिरता धूप अडवायचा नाही, हीही त्याच वस्तीची रीत होती.

तिसऱ्या फेऱ्याला शेजारची कांताबाई येऊन तिच्या मागं चालू लागली. तिला नवरा जाऊन सात वर्षं झाली होती आणि या सात वर्षांत कुणाच्याही धुपाला ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती. गोपिकाबाईनं मागं वळून बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. भीती मात्र गेली.

पाच फेरे झाले. मग रिवाजाप्रमाणं ती एकेकापुढं धुपाटणं धरू लागली. जमलेल्यांनी ओंजळीनं धूर घेऊन तोंडावरून फिरवायचा, म्हणजे धूप देणारा धनी म्हणून मान्य झाला. नको म्हणायचं, तर ते मेंढरं राखणाऱ्या बिरोबा देवाला नको म्हटल्यासारखं. कांताबाईनं आधी घेतला. तिच्यामागोमाग तात्यांनी हात पुढं केले.

शेवटी ती दिरापुढं येऊन उभी राहिली.

"घ्या, भाऊजी."

"तुमच्या हातचा मी न्हाई घेणार."

"नका घेऊ. पण बिरोबाला तसं तोंडानं सांगा. सगळे ऐकून राह्यलेत."

त्यानं तात्यांकडं बघितलं. तात्या दुसरीकडं बघत होते. धूर त्याच्या नाकातोंडात जात होता आणि ती धुपाटणं तसूभरही मागं घेत नव्हती. अखेर बिभीषणानं दोन्ही हात वर केले आणि धूर तोंडावरून फिरवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते धुरानं आलं की कशानं, याच्याशी गोपिकाबाईला काही देणंघेणं नव्हतं.

"आता वाटेतून सरका," ती म्हणाली. "माझी मेंढरं चरायला निघालीत."