टोपाच्या कडीतलं पान

धोंडूबाईने आंब्याचं पान टोपाच्या कडीत खोचून दाखवलं आणि चुलींभोवतीच्या बायकांना तिसऱ्यांदा बजावलं.

"मीठ घातलं की पान. पान दिसलं की हात मागं."

"शाळा काढलीस का गं?" सोनुबाई म्हणाली.

सगळ्या हसल्या. धोंडूबाई हसली नाही. थोरल्या लेकीच्या लग्नात चौघींनी एकमेकींना न विचारता, मायेपोटीच, वालाच्या आमटीत ओंजळ ओंजळ मीठ घातलं होतं. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत लग्नाचं अन्न चाखायचं नाही, म्हणून कळलं ते पंक्तीत. सात वर्षं झाली, थोरलीला सासरी अजून 'मिठागरवाली' म्हणतात. आज धाकट्या ठकीचं लग्न होतं.

खालापूरच्या वऱ्हाडाचा टेंपो कळंबच्या वेशीत आला, तेव्हा तिने टोप मोजले. पाच टोप, पाच पानं. ती वळली, तोच मागून हळू आवाज आला.

"काकी, मधल्या टोपात मीठ नाय."

डोंगरातल्या आदिवासी वाडीवरची ठमी पहाटेपासून चुलींत लाकडं सारत होती.

"पान हाय की गं."

"पान हाय. मीठ नाय. सोनुबायनी पान खोचलं, बरणीकडं निघाली, तवर कुणी हळदीला हाक मारली. ती गेली ती गेलीच."

सोनुबाईला बोलावलं.

"पान आधीच लावलं गं, दुसरी कुणी घालाया नको म्हणून," ती म्हणाली. "मग घातलंच असंल की." पण बोलता बोलता ती आपल्या तळहातांकडे बघू लागली, जणू तेच सांगतील.

"घातलं असलं तर दुबार होईल," गौराबाई म्हणाली. "तूच बोललीस, पान दिसलं की हात मागं. आता लाकडं सारणारीच्या शब्दावर टोपात हात घालतेस?"

आमटी रटरटत होती. चाखायची सोय नव्हती. धोंडूबाईने ठमीकडे पाहिलं. धुराने तिचे डोळे लाल झाले होते, पण ते टोपावरून हलले नव्हते.

धोंडूबाईने पान उपसलं, ओंजळभर मीठ घातलं, ढवळलं, आणि मग पान पुन्हा खोचलं.

पंक्तीत मधल्या टोपातली आमटी तिने स्वतःच्या हाताने वाढली. नवऱ्यामुलाच्या मामांनी भात कालवला, घास घेतला. तिच्या हातातलं ओगराळं थांबलं. मामांनी मान वर न करता पत्रावळ पुढे सरकवली.

"आमटी वाढा अजून."

तिने दोनदा वाढली, थोडी सांडलीसुद्धा.

पंगत उठल्यावर तिने बायकांच्या पंक्तीतली पहिली पत्रावळ ठमीपुढे मांडली आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसून राहिली. आभार कसे मानतात ते तिला येत नव्हतं. तिने भातावर तूप घातलं, मग आणखी घातलं.

संध्याकाळच्या जेवणाचे टोप चढले. धोंडूबाईने आंब्याची पाचही पानं चुलीत टाकली, मिठाची बरणी आणून ठमीच्या गुडघ्याशी ठेवली.

"मीठ हिच्याकडनं घ्यायचं."

वाडीवरच्या कुणी या घरातल्या बरणीला आजवर हात लावला नव्हता. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. बरणी तिथेच राहिली. शेवटी गौराबाई पुढे आली, खाली वाकली, ओंजळ धरली.

"दे गं ठमे. पहिल्या टोपाला."

ठमीने लुगड्याला दोनदा हात पुसले, मग झाकण काढलं.

"ह्यो पयला," ती म्हणाली. "आता ह्या टोपाला परत येऊ नको, काकी."