लाल डब्याच्या बुडाचा निकाल

मित्रांनो, मी एक जुना लाल डबा आहे. लाल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पोस्टाची पेटी आली असेल, तर ती विसरा. माझ्यात कोणी कधी पत्र टाकले नाही. लाडू तर नाहीच.

नाशिकच्या अंबडमध्ये एका छोट्या कारखान्यात मी राहतो. तिथे लेथ मशीनवर लोखंडी बुश बनतात. बुश म्हणजे जाड बांगडीसारखा एक भाग. ज्या बुशचे माप चुकते, तो माझ्यात पडतो.

माझा जन्म तेलाच्या पिंपापासून झाला. सावळीरामकाका तेव्हा नुकतेच लेथवर लागले होते. त्यांनी पिंप कापले, बूड वेल्ड केले आणि मला लाल रंग दिला. उरलेल्या रंगात त्यांनी स्वतःच्या सायकलचे मडगार्ड रंगवले. म्हणजे ती सायकल नात्याने माझी बहीण लागते.

माझे काम तसे मानाचे नव्हते. मी भरलो की सगळ्यांची तोंडे उतरत. मी उपाशी असलो की मालक हर्षलसर खूश होत. पोट रिकामे असल्याबद्दल शाबासकी मिळणारा माझ्यासारखा दुसरा कोणी मला ठाऊक नाही. अशा रिकाम्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सावळीरामकाका मला उलटा करत आणि माझ्या बुडावर बसून भाकरी खात.

मग माल तपासण्यासाठी फलक नावाची मुलगी आली. ती फिजिक्स शिकलेली होती आणि आवाज न चढवता बोलायची. पहिल्याच दिवशी ती माझ्यात डोकावली.

"काका, यांचं पुढे काय होतं?"

"रिजेक्ट हायेत मॅडम. मेलेल्याचं पुढं काय व्हायचं?"

"रिजेक्ट म्हणजे आहे तसं चालणार नाही, एवढंच. मेलं असं कुठे म्हटलंय?"

तेवढ्यात चहा घेऊन सिंधुबाई आल्या. फलकने त्यांनाच विचारले, "मावशी, शिंप्याने ब्लाउज ढगळ शिवला तर?"

"त्याच्याच अंगावर फेकीन."

"मग तो टाके घालून बरोबर मापाचा करून देईल. तो झाला रिवर्क. मागितलं तेच मिळालं. पण समजा, त्याने काखेत कापड फाडलं आणि ठिगळ लावलं?"

"मला न विचारता?"

"हेच! तो रिपेअर. घालता येतो, पण मागितला होता तसा नाही. म्हणून आधी तुम्हाला विचारायचं. आणि शिवण्याआधी कापडाच्याच चिंध्या झाल्या तर?"

"मग पोतेरं."

"स्क्रॅप," फलक म्हणाली आणि चहा प्यायली.

त्यानंतर काही दिवस कारखान्यात कोणाला साधे बोलताच येईना. चहात साखर कमी पडली की लोक ओरडत, "सिंधुबाई, रिवर्क!" सावळीरामकाका आपला गुडघा दाखवून म्हणत, "हा रिपेअर. ऑपरेशन झालं. मापात नाय, पण चालतो." हर्षलसरांच्या एका विनोदावर कोणीच हसले नाही, तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "स्क्रॅप."

मीही हसत होतो. पण एका शनिवारी माझ्यावरच वेळ आली.

माझे बूड गंजून एका बाजूला उघडले होते. त्या भोकातून एक चुकीचा बुश निसटला, घरंगळत गेला आणि कोणीतरी उचलून चांगल्या मालात ठेवला. फलकने तो पुन्हा माप घेताना पकडला. सोमवारी गिऱ्हाईक कंपनीचे साहेब तपासणीला येणार होते. फलकचा चेहरा माझ्यासारखा लाल झाला.

"डब्याचा उपयोगच काय मग?" हर्षलसर म्हणाले. "प्लॅस्टिकचा नवा आणू. हा भंगारात द्या. माणूस बाहेर टेम्पो घेऊन उभाच आहे."

मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांचे निकाल पोटात घेतले. आता माझाच निकाल लागला होता.

"शेठ, थांबा," सावळीरामकाका म्हणाले. "मीच केलाय तो. पत्रा लावून रिवर्क करतो."

"रिवर्क नाही काका," फलक म्हणाली.

टेम्पोवाला पुढे सरकला.

"रिपेअर," ती म्हणाली. "ठिगळ लागेल, तो पहिल्यासारखा होणार नाही. त्याला परवानगी लागते. गिऱ्हाइकाची."

"डब्याचं गिऱ्हाईक कोण आता?" हर्षलसरांनी कपाळाला हात लावला. "आतले बुश का?"

फलकने खरोखरच विचार केला. "हा डबा मी वापरते. म्हणजे मी. परवानगी आहे. पण एकही बुश बाहेर पडता कामा नये."

काकांनी पत्रा कापला, वेल्डिंग केले. फलकने माझ्यात बुश भरून मला जोरजोरात हलवले. एकही बाहेर पडला नाही. टेम्पोवाला चहा पिऊन रिकामाच परत गेला. सोमवारी साहेबांनी ठिगळावर बोट ठेवले, तेव्हा फलकने लपवाछपवी न करता सगळे सांगितले. साहेबांनीही मला हलवून पाहिले आणि पुढे गेले.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. एखादी वस्तू नापसंत झाली की लगेच तिला भंगार म्हणू नका. ती मापात येईल का, ठिगळ लावून चालेल का, हे आधी पाहा. आणि ठिगळ लावलेली वस्तू नवी म्हणून कोणाला देऊ नका.

परवा मी पुन्हा रिकामा होतो. सावळीरामकाकांनी मला उलटा केला, भाकरीचे फडके सोडले, ऐसपैस बसले आणि ताडकन उठले. वेल्डिंगचा उंचवटा त्यांना बरोबर नको तिथे टोचला होता.

"अगं पोरी, हे लय टोचतंय!"

फलकने मान वर केली नाही. "म्हणून तर वापरणाऱ्याला आधी विचारायचं असतं, काका. बसणाऱ्याला विचारायचं राहिलं."