पुसलेल्या रेघा

"अहो, तो रबर आधी खिशात ठेवा. व्हेरेनाबाईंना चालत नाही," श्यामला पाहुणीला आत घेत नवऱ्याला म्हणाली.

गुरुनाथने निमूटपणे ठेवला. सौदीतल्या जुबैलच्या भारतीय शाळेत तो चित्रकला शिकवी. खिशातल्या रबराशिवाय तो घराबाहेर पडत नसे. पाहुणी व्हेरेना, ही स्विस चित्रकार, मात्र कॉलनीतल्या बायकांना सांगे, चुकलेली रेघ पुसू नका, तिच्याशेजारी दुसरी ओढा. इस्पितळातली ड्यूटी सांभाळून श्यामला दर शुक्रवारी तिच्याकडे जाई. नवऱ्याकडे तिने आजवर कधी पेन्सिल मागितली नव्हती.

आखाती युद्धाला तोंड फुटले होते. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या होत्या आणि व्हेरेना मायदेशी निघाली होती. निरोपादाखल तिने एक कागद उलगडला. कामावरून येऊन खुर्चीत टेकलेली श्यामला. हनुवटीशी दोन-तीन रेघा, एक पापणी किंचित उतरलेली, ओठांच्या कडेला साचलेला थकवा.

"अगंबाई, मीच की ही!" श्यामला हरखली.

हा थकवा रोज गुरुनाथच्या समोर जेवायला बसत होता. त्याला पाहिले मात्र एका परक्या बाईने.

व्हेरेना गेल्यावर तो म्हणाला, "प्रमाण चुकलंय. डोळे एका रेषेत नाहीत."

"बरं झालं बाई, मी तुमच्या परीक्षेला बसले नाही!"

ती हसली, त्याच्या आत मात्र काहीतरी ओल्या लाकडासारखे धुमसत राहिले.

दुसऱ्या दिवशी श्यामला ड्यूटीवर होती. फक्त हनुवटी सुधारायची, असे स्वतःला बजावत त्याने कागद टेबलावर घेतला. मग मध्यरेषा आखली, डोळे जुळवले, ओठांच्या कडेची सावली पुसली. हात सफाईने चालत होता. एवढ्या ओढीने त्याने कित्येक वर्षांत काही काढले नव्हते.

संध्याकाळी ती परतली आणि चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"सुबक झालंय," ती म्हणाली. "आता कुणाचीही बायको वाटते."

"पुन्हा काढतो मी. होतं तसंच."

"कसं होतं, आठवतंय?"

तेवढ्यात हल्ल्याचा भोंगा वाजला.

दाराशी पासपोर्ट, इकामे म्हणजे निवासाचे परवाने, आणि विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे भरलेली पिशवी तयार होती. श्यामलाने मुखवटे बाहेर काढले, पण ते घालण्याआधी ती टेबलाशी वळली. रबराचा काळा चुरा तिने बोटाने हळूहळू गोळा केला, गॉजच्या तुकड्यात बांधला आणि पिशवीत पासपोर्टांवर ठेवला. चित्र टेबलावरच राहिले.

मग रुग्णाचे बांधावेत तसे तिने त्याच्या मुखवट्याचे पट्टे काळजीपूर्वक आवळले. तो तिच्याकडे डोळे भरून पाहू लागला; पण मुखवट्याच्या काचेवर त्याचाच श्वास साचला होता.