मोठ्यानं म्हण, विशाखा!

कचेरीत चहा आला, की अण्णारावांच्या जिभेला धार चढायची.

"काय साहेबराव, लेकीनं पाण्याच्या रांगेत इंग्रजी शाळा काढली म्हणं!" बशीत चहा ओतत ते म्हणाले. "आमच्या घरून कळलं. बाया नुसत्या हसून हसून लोळून राहिल्या. अमेरिकेला कवा निघाली मग? टँकरात बसून जाती का?"

सगळे हसले. साहेबरावही हसले. न हसावं, तर राग आला असं दिसलं असतं. आणि चारचौघांत राग दाखवायची त्यांना सवय नव्हती.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षंच झाली होती. नव्या कचेऱ्या निघाल्या, तसे जळकोटचे साहेबराव सोनकांबळे कारकून म्हणून इथं आले. जिल्हा नवा, पण आभाळ रुसलेलं. कॉलनीतल्या नळांना कोरड पडली होती आणि सकाळचा टँकर हाच सगळ्यांचा आधार होता. टँकर यायच्या आधी बाया आपापली भांडी ओळीनं मांडून ठेवत. भांडं तिथं उभं, म्हणजे तुमचा नंबर लागला.

त्या रांगेत साहेबरावांची थोरली लेक विशाखा रोज उभी राही. परभणीहून शेतीची पदवी घेतलेली ही पोर. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायला तिला अमेरिकेला जायचं होतं. त्यासाठी जीआरई नावाची परीक्षा द्यावी लागे, आणि ती हैदराबादेत महिन्याभरावर आली होती. गणिताची तिला फिकीर नव्हती. धास्ती होती ती शब्दांची. शब्दही असे, की इंग्रजी वर्तमानपत्रातसुद्धा क्वचित सापडावेत! पुस्तक काखेत मारून ती रांगेत उभी राही आणि मोठमोठ्यानं शब्द म्हणे.

त्या संध्याकाळी साहेबराव घरी आले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "विशाखा, उद्यापासून रांगेत जायचं न्हाई. आत बसून वाच. खिडकी लावून घे. आणि परीक्षेचं कुणाला सांगू नको."

"का हो बाबा?"

"लोक हसून राहिले, पोरी! पास झालीस तर सांगता येईल. नापास झालीस तर तोंड दाखवायला जागा उरंल का?"

विशाखा उठली. तिनं खिडकी लावली.

चार दिवस ती बंद खोलीत पुटपुटत राहिली. पण नवल असं, की रांगेत पाठ झालेले शब्दही आता हातातून निसटू लागले. सकाळी केलेले दुपारी आठवेनात. पाचव्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं.

"आई, मी हैदराबादला जात न्हाई. मला जमणार न्हाई ते."

चांगुणाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि नवऱ्याकडं असं पाहिलं, की साहेबराव दाराबाहेरच जाऊन उभे राहिले.

नेमके तेव्हाच ग्यानोबा गुरुजी कॉलनीच्या वाटेनं येताना दिसले. जळकोटच्या शाळेत साहेबरावांना त्यांनीच पाटी धरायला शिकवली होती. पेन्शनच्या कामाला लातूरला आले, की मुक्कामाला ते इथंच असत. रात्री जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेबा," ते म्हणाले, "तुझ्या बापानं दीक्षा घेतली, तवा दार लावून घेतली का रे?"

"न्हाई गुरुजी. मैदानात. सगळ्या गावादेखत."

"लोक हसले न्हाईत?"

"हसले की! हसले, शिव्या दिल्या, मजुरीला बोलवायचे बंद झाले."

"तरी त्यो ताठ उभा ऱ्हायला. म्हणून तू कारकून झालास. आन तू पोरीला खिडकी लावायला सांगतूस! बाबासाहेबांनी शिका म्हणलं. लपून शिका, असं कुठं म्हणलं? इंग्रजीचं एवढं काय भ्या? आपल्याकडं मराठी हाय, उर्दू हाय, उदगीर-देगलूरला कानडी-तेलुगू हाय. एक भाषा जास्त झाली म्हणून आपला माणूस कधी दबला न्हाई. लेकरू मोठ्यानं म्हणतंय, तर म्हणू द्यावं. शब्दाला बोलणारं तोंड लागतं, ऐकणारा कान लागतो. कोंडला की त्यो मरतो."

"तुमचं खरंय गुरुजी," साहेबराव मान खाली घालून म्हणाले, "पण हसणाऱ्यांच्या कचेरीत रोज मला बसायचंय."

गुरुजींनी वाद वाढवला नाही. शिकवणाऱ्याला ठाऊक असतं, की काही धडे फळ्यावर उतरत नाहीत.

सकाळी चांगुणाबाईंनी पितळी कळशी आणि डबा नवऱ्यापुढं आणून ठेवला. "चार दिवस भाकरी टाकून मी पळाले. आज गुरुजी घरात हायती, त्यांचं मला बघायचंय. पोरीला कोंडलंय तुम्ही, रांगेत बी तुम्हीच जा."

साहेबराव निघाले. बायकांच्या त्या गर्दीत कळशी ठेवून ते एका कडेला, जमिनीकडं बघत उभे राहिले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं,

"अगं, त्या गॅरुलसला पुढं सरकवा की!"

हशा पिकला. साहेबरावांचे कान तापले. हेच ते! हेच अण्णाराव सांगत होते!

इतक्यात देगलूरकडची नागम्मा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "अय्यो, सोनकांबळे साहेब! आमची पिल्ला कुठं हाय?" तिच्या गावाकडं पोरीला पिल्ला म्हणत. "चार दिस झाले, दिसंना. चांगुणाबाई बी काय सांगंना. ताप आला का?"

"हाव... जरा बरं न्हाई," साहेबराव चाचरत म्हणाले.

"परीक्षा तोंडावर आन आजारी पडली?" मागून उमाबाई पुढं आल्या. उमाबाई म्हणजे अण्णारावांची बायको. "अवो, तिच्याबिगर रांगेत जीव रमंना. भांडी सगळी सारखी दिसायची, रोज भांडणं व्हायची. तुमच्या लेकीनं एकेका भांड्याला एकेक शब्द दिला. ही माझी घागर, कडी ढिल्ली, सारखी खडखड करती. म्हणून ही गॅरुलस, म्हंजी बडबडी. ती कस्तुराबाईची बादली गळती, ती प्रॉडिगल, उधळी. हे नागम्माचं पोचे पडलेलं तपेलं, कितीबी आपटा, हूं न्हाई की चूं न्हाई. ते स्टोइक!"

"आन घरी जाऊन ही नवऱ्यालाच गॅरुलस म्हणती!" नागम्मा म्हणाली.

"मग! घागरीपरीस त्योच जास्त वाजतोय. हसून हसून मेलो होतो त्या दिवशी."

साहेबराव बघतच राहिले. म्हणजे बाया हसत होत्या, त्या विशाखाला नव्हे. विशाखाबरोबर!

"आणि... आमची कळशी?" त्यांनी हळूच विचारलं.

सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या. उमाबाईंचा आवाज मऊ झाला. "तिला तुमच्या लेकीनं नाव दिलं न्हाई, आम्ही दिलं. टँकर संपला, की मागं ऱ्हायलेल्या म्हाताऱ्या बाईला ही पोर आपल्या कळशीतलं पाणी वतायची. आम्ही तिलाच इचारलं, मोठ्या मनाच्या माणसाला इंग्रजीत काय म्हणत्यात गं? ती म्हणली, मॅग्नॅनिमस. मग आम्ही म्हणलो, तुझी कळशी मॅग्नॅनिमस!"

साहेबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या ज्या आईला गावात वरून ओतलेल्या पाण्यासाठी ओंजळ धरून उभं राहावं लागलं, त्याच आईची नात आज दुसऱ्याला पाणी देत होती, आणि सगळी रांग तिचं कौतुक करत होती! अशा लेकीला त्यांनी खिडकीआड बसवलं होतं. केवढी मोठी चूक! लोकांच्या हसण्याला भिऊन बापानंच लेकीची जीभ बांधली!

"उमाताई," ते म्हणाले, "खोटं बोललो मी. तिला ताप न्हाई. मीच नको म्हणलं होतं."

"मग आता जा आन घेऊन या!" नागम्मानं फर्मावलं. "कळशी आम्ही बघतो."

साहेबराव अक्षरशः पळत घरी आले. त्यांनी खिडकीचा अडसर काढला. "ऊठ पोरी! पुस्तक घे. बाया वाट बघून राहिल्या. आणि मोठ्यानं म्हण, विशाखा! रस्त्यापलीकडं ऐकू जाऊ दे!"

 ओट्यावर बसलेल्या ग्यानोबा गुरुजींनी आपलं पागोटं काढून पुन्हा नीट बांधलं, जसं ते शाळेत चांगलं उत्तर ऐकल्यावर बांधत.

त्या दिवशी चहाच्या वेळी अण्णारावांनी तोंड उघडायच्या आधीच साहेबराव उभे राहिले. "मंडळी, माझी लेक अमेरिकेच्या शिक्षणाची परीक्षा देणार हाय. पुढल्या महिन्यात मी तिच्यासंगं हैदराबादला जाणार. पास होईल न होईल, पण बसणार! आपल्या जिल्ह्यातलं पाणी कुठं दडलंय, ते तिला हुडकायचंय."

 अण्णारावांनी बशी खाली ठेवली. "साहेबराव, चुकलो. आमच्याकडं बी दोन पोरी हायत. त्यांना संध्याकाळी पाठवू का तिच्याकडं?"

"पाठवा की! आजच पाठवा!"

परीक्षेच्या दिवशी हैदराबादेत त्या मोठ्या इमारतीबाहेर मोटारी उभ्या होत्या. आपल्या मुलांची वाट बघत शहरातले बडे लोक सावलीत उभे होते. त्यांच्यामध्ये साहेबराव जाऊन उभे राहिले. शेजारच्या सूटबूटवाल्या गृहस्थानं विचारलं, "किधर से आए साब?"

एरवी ते पुटपुटले असते. आज त्यांनी छाती भरून उत्तर दिलं, "लातूर से! मेरी बेटी अंदर इम्तिहान दे रही है!"

मराठवाड्याचा तो खणखणीत आवाज ऐकून चार जणांनी वळून पाहिलं. साहेबरावांनी मान खाली घातली नाही.

पुढच्या वर्षी विशाखा अमेरिकेला गेली. पण वाचकहो, तिचं मोठेपण केवळ तेवढ्यात नाही. ती पास झाली नसती, तरी ही गोष्ट सांगण्याजोगीच होती. आपल्या घरात कुणी लेक, कुणी सून काही नवं शिकत असेल, तर लोक काय म्हणतील म्हणून दार लावून घेऊ नका. ज्ञान ही चोरीची वस्तू नव्हे, की अंधारात सांभाळावी. त्या लेकीला उघड्यावर बोलू द्या, चुकू द्या, आणि तिचं नाव घेताना आपला आवाज कधी खाली येऊ देऊ नका!